थोरल्या दिरांना हिपॅटायटिस सी निघालाय. किडनी आत्ताच घ्यायची, की आधी त्यांचे उपचार?

बालवाडीच्या_बाई, ठाणे पूर्व
१२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या, अर्धवट सांगून उपयोग नाही.

आम्ही कोपरीला राहतो. यजमान ४६ वर्षांचे, वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. बीपी कधी वाढलं आणि कधी किडन्यांवर गेलं ते कळलंच नाही. कळलं तेव्हा क्रिएटिनिन ९ च्या वर होतं. अडीच वर्षं डायलिसिस चालू आहे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळची पहिली शिफ्ट. डायलिसिसच्या सुईसाठी हातातली शीर धमनीला जोडून केलेला पहिला फिस्टुला बंद पडला. दुसरा उजव्या हाताला केलाय, तोही आता नीट चालत नाही. गेल्या शुक्रवारी सुई सरकली आणि हात दंडापर्यंत टरारला, चार दिवस काळानिळा होता. म्हणून किडनी बसवायची घाई आहे, हे आधीच सांगते.

मी माझी द्यायला तयार होते. रक्तगट जुळला, पण तपासण्यांत मलाच साखर निघाली. सासूबाई ७४ च्या. मग यजमानांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, ते म्हणाले, "मी आहे ना. विचारत काय फिरताय?" अण्णा ५२ चे. घणसोलीला राहतात, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत. तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिलेला माणूस. रक्तगट जुळला, यजमानांचं शरीर ती किडनी नाकारेल का ते बघणारा क्रॉसमॅच निगेटिव्ह, म्हणजे चांगला आला, सोनोग्राफी चांगली आली. त्या संध्याकाळी मी देवापुढे साखर ठेवली.

आठ दिवसांनी उरलेले रिपोर्ट आणायला गेलो. काउंटरवरच्या मुलाने कागद बघितला आणि वीस माणसांसमोर मोठ्यांदा म्हणाला, "तुमचा डोनर पॉझिटिव्ह आहे, आधी डॉक्टरांना भेटा." शेजारी अण्णा उभे. त्यांना वाटलं एड्स. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. डॉक्टरांना भेटायला दीड तास लागला. त्या दीड तासात ते एक शब्द बोलले नाहीत, नुसते हातातली टोपी उलगडत होते आणि घडी घालत होते.

रिपोर्ट असा आहे: अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह. मग परत रक्त घेतलं, त्यात एचसीव्ही आरएनए सापडला, ८,४०,००० आययू प्रति मिली. एसजीपीटी (यकृताची चाचणी) ६८. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही निगेटिव्ह. अण्णांना आजवर कसलाही त्रास नाही. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं, की १९९६ मध्ये खंबाटकी घाटात मालाचा ट्रक उलटला होता, त्यात मांडीचं हाड मोडलं आणि चार बाटल्या रक्त चढवलं होतं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आलं असण्याची शक्यता जास्त.

आता प्रश्न. आमचे नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, म्हणतात, आधी अण्णांना तीन महिने गोळ्या, मग तीन महिने थांबून परत तपासणी, मग ऑपरेशन. म्हणजे सहा महिने गेले. दुसऱ्या एका ठिकाणी सल्ला घ्यायला गेलो, तिथल्या कोऑर्डिनेटर म्हणाल्या, परदेशात आता असा व्हायरस असलेलीच किडनी बसवतात आणि नंतर पेशंटला गोळ्या देऊन बरा करतात, तुम्ही विचारून बघा. यजमानांनी तेवढंच धरलंय. म्हणतात, "मला सहा महिने निघतील असं वाटत नाही. होऊ दे मला ती कावीळ, नंतर बघू." अण्णांचं म्हणणं त्याच्या उलट. ते म्हणतात, "माझी घाण त्याच्या अंगात नको." हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही. परवा घरी आले तर कपातून चहा घेईनात. पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला, चहा प्यायल्यावर स्वतः विसळला आणि परत पिशवीत ठेवला. सासूबाई बघतच राहिल्या.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. खरंच अशी किडनी घेतात का? घेतली तर काय होतं? आणि अण्णांना काय सांगू?

---

डायलिसिस_टेक, नेरुळ
१३ जून, सकाळी ६:१५

ताई, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी घाईत लिहितोय. किडनीचं जाणकार सांगतील. मला जे माहीत आहे ते असं: सी जेवणातून, पेल्यातून, टॉवेलमधून, मिठी मारल्याने पसरत नाही. रक्ताला रक्त लागावं लागतं. अण्णांनी फक्त रेझर, ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश वेगळा ठेवायचा. पेला घरातलाच वापरू द्या. तुम्ही स्वतः त्यांच्या हातात कप द्या.

दुसरं, माथाडी आहेत म्हणून विचारतो. पाठ-गुडघे दुखले की मेडिकलवाल्याकडून गोळी घेतात का? आमच्याकडे डायलिसिसला आलेल्या कष्टकरी माणसांपैकी कितीतरी जण वर्षानुवर्षं डायक्लोफिनॅक खाल्लेले असतात. डोनरला ती गोळी पूर्ण बंद. किडनी दिल्यावर तर जन्मभर बंद.

हाताला सूज आहे तोवर त्याच जागी परत सुई घालू देऊ नका. फिस्टुलाची डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. बारीक झालेली शीर फुग्याने रुंद करता येते. पुष्कळदा फिस्टुला वाचतो आणि तुम्हाला हवे असलेले महिने मिळतात. हे आज-उद्याच करा.

---

निसर्गमित्र, कळवा
१३ जून, सकाळी ९:०२

काविळीवर आमच्या गावाकडे शहापूरजवळ एक जण पाल्याचा रस देतात, तीन रविवार घ्यायचा. माझ्या मेहुण्याची कावीळ आठ दिवसांत उतरली. गोळ्यांच्या आधी एकदा करून बघा, खर्च काही नाही.

---

प्रयोगशाळेतले_काका, वाशी
१३ जून, दुपारी ३:३०

बाई, मी ३३ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केलं, २०१७ ला निवृत्त झालो. मी डॉक्टर नाही. पण हा व्हायरस मी त्याला नाव मिळायच्या आधीपासून ओळखतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वरच्या निसर्गमित्रांना हात जोडून सांगतो. तुमच्या मेहुण्यांची कावीळ बहुधा ए किंवा ई प्रकारची, पाण्यातून येणारी असणार. ती आपोआप उतरते, रस घेतला काय आणि न घेतला काय. सी ची गोष्ट वेगळी. ती डोळ्यांत पिवळी दिसतसुद्धा नाही. वीस-तीस वर्षं यकृतात गप्प बसते, आणि दिसते तेव्हा यकृत आकसलेलं असतं. जो माणूस आपली एक किडनी काढून देणार आहे त्याच्या पोटात कसल्या पाल्याचा रस जातोय हे कोणालाच ठाऊक नसेल, तर ते फार धोक्याचं आहे. बाई, हे करू नका.

आता १९९६. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही या आजाराला 'नॉन-ए नॉन-बी' म्हणायचो. ए नाही, बी नाही, पण रक्त घेतलेल्यांना कावीळ होते, एवढंच माहीत. व्हायरस सापडला १९८९ मध्ये. शोधणाऱ्या तिघांना, आल्टर, हॉटन आणि राइस यांना, २०२० मध्ये नोबेल मिळालं. पण आपल्याकडे रक्ताच्या प्रत्येक बाटलीची सी साठी तपासणी सक्तीची झाली ती २००० नंतर. १९९६ ला आमच्या टेबलावर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, गुप्तरोग आणि मलेरियाची चाचणी होती. सी ची नव्हती. आम्ही बाटलीवर 'तपासलेले' असं लेबल लावत होतो आणि आमच्या समजुतीने ते खरंच होतं. मी दुसऱ्या जिल्ह्यात होतो, अण्णांच्या त्या चार बाटल्या माझ्या हातून गेलेल्या नाहीत. पण माझ्या हातून गेलेल्या बाटल्यांचा हिशेब कोण देणार? हे मी अनेक वर्षं मनात घेऊन आहे. म्हणून अण्णांना माझ्या वतीने एक सांगा: ही घाण तुमची नाही. तुम्ही मरणाच्या दारात होतात, तुम्हाला वाचवण्यासाठी जे दिलं त्यातून हे आलं. यात तुमच्याकडून काही चुकलेलं नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये दोन चाचण्या आहेत, त्या वेगळ्या समजून घ्या. अँटी-एचसीव्ही म्हणजे व्हायरस कधीतरी अंगात येऊन गेल्याची खूण. ती जन्मभर राहते. आरएनए म्हणजे तो आत्ता, आज, रक्तात फिरतोय का. नुसती पहिली पॉझिटिव्ह आणि आरएनए निगेटिव्ह असता तर माणूस बरा झालेला आहे असं धरलं असतं. अण्णांचा आरएनए ८ लाखांवर आहे, म्हणजे संसर्ग चालू आहे. आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरू नका. आरएनएच्या आकड्यावरून यकृत किती बिघडलंय ते कळत नाही, त्यासाठी फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करायचा.

कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या ते खरं आहे का? खरं आहे, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. २०१४ च्या आधी सी वर इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती. किडनी बसवलेल्या माणसाला ती देता येत नसत, कारण त्याने शरीर नवी किडनीच नाकारायला लागे. म्हणून सी असलेल्या मृत दात्याची किडनी एक तर सी असलेल्याच पेशंटला देत, नाहीतर फेकून देत. मग गोळ्या आल्या. सोफोस्बुविरला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. १२ आठवडे तोंडाने गोळ्या, आणि शंभरातले पंच्याण्णवहून जास्त पूर्ण बरे. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हायरस नसलेल्या १० पेशंटना, त्यांची लेखी संमती घेऊन, सी असलेल्या मृत दात्यांच्या किडन्या बसवल्या. दहाही जणांना संसर्ग झाला आणि दहाही जण गोळ्यांनी बरे झाले. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. बॉस्टनमध्ये तर हृदय आणि फुप्फुसं घेतली, ऑपरेशननंतर काही तासांत गोळ्या सुरू केल्या आणि चारच आठवडे दिल्या. २०१९ मध्ये त्याचा अहवाल आला. सहा महिने पूर्ण झालेले ३५ जण होते, पस्तीसही जिवंत आणि कोणाच्याही रक्तात व्हायरस नाही.

पण बाई, हे सगळे दाते मृत होते. तिथे वाट बघणं शक्यच नसतं. किडनी काही तासांत बसवली नाही तर वाया जाते, आणि मेलेल्या माणसाला औषध देऊन बरं करता येत नाही. म्हणून ते धाडस करतात. तुमचे अण्णा जिवंत आहेत, मार्केटला कामावर जात आहेत. त्यांना बरं करता येतं. मग धडधडीत बरा होणारा व्हायरस मुद्दाम दुसऱ्याच्या अंगात, तोही प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेल्या माणसाच्या अंगात, कशासाठी घालायचा? किडनीच्या आजारावर जगभरच्या डॉक्टरांनी मिळून काढलेल्या केडिगोच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत जिवंत दात्याबद्दल हेच म्हटलंय: सिरोसिस (यकृत आकसणं) नसेल तर आधी उपचार, बरा झाल्यावर दान.

शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तुमच्या घरात सगळे अण्णांकडे किडनी म्हणून बघताहेत, स्वतः अण्णासुद्धा. हा माणूस स्वतः आजारी आहे. किडनीची गरज निघाली नसती तर हा व्हायरस आणखी दहा वर्षं कळला नसता. सी ने किडनीलाही सूज येते. एक किडनी काढल्यावर उरलेली एकच, आणि अंगात व्हायरस, हे त्यांना परवडणार नाही. त्यांच्या लघवीतलं प्रोटीन, फायब्रोस्कॅन आणि पोटाच्या डॉक्टरांचं मत घ्या. ऑपरेशन झालं किंवा न झालं, उपचार झालेच पाहिजेत.

औषधाच्या खर्चाची काळजी करू नका. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात हिपॅटायटिस उपचार केंद्र कुठे आहे विचारा. यकृत आकसलेलं नसेल तर साधारण सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर देतात, सिरोसिस असेल तर सोफोस्बुविर आणि वेल्पाटास्विर.

---

ऐरोलीकर
१३ जून, रात्री १०:१०

काकांनी सांगितलेली दुसरी वाट माझ्या बहिणीने चाललीय, म्हणून लिहितो. ती अमेरिकेत न्यू जर्सीला असते. घरात देणारं कोणी नव्हतं, आमचे आईवडील गेलेले, माझा रक्तगट जुळेना. यादीवर पाच-सहा वर्षं लागतील असं सांगितलं होतं. २०१९ ला तिने सी असलेली किडनी घेण्याची संमती दिली आणि तीन महिन्यांच्या आत फोन आला. किडनी पहिल्या दिवसापासून चालली.

पण मधले दिवस आम्ही कसे काढले ते सांगतो. ऑपरेशननंतर आठवड्याने व्हायरस रक्तात दिसला. गोळ्यांची मंजुरी विमा कंपनीकडून यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर आकडा लाखांवरून कोटीवर गेला. एसजीपीटी वाढलं. बहीण रोज फोनवर विचारायची, "मी मूर्खपणा केला का रे?" गोळ्या सुरू झाल्यावर चार आठवड्यांत व्हायरस दिसेनासा झाला. आज ती ठणठणीत आहे. तिला दुसरा रस्ता नव्हता म्हणून हा घेतला. तुम्हाला आहे. तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा.

---

बालवाडीच्या_बाई, ठाणे पूर्व
१५ जून, रात्री ९:५५

काका, तुमचं लिहिलेलं मी रविवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. अण्णा, जाऊबाई, सासूबाई, यजमान, सगळे होते. १९९६ वाल्या भागाशी आल्यावर माझा आवाज फुटेना, मग जाऊबाईंनी पुढचं वाचलं. अण्णा बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "त्या काकांना कळवा, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ते रक्त मिळालं नसतं तर मी घाटातच गेलो असतो." त्यांच्याच शब्दांत पोचवतेय.

ऐरोलीकर, तुमच्या बहिणीचं वाचल्यावर यजमान गप्प झाले. मग म्हणाले, "विम्याला तीन आठवडे लागले तर आपल्याला किती लागतील?" एवढ्यावर त्यांचा हट्ट सुटला.

फिस्टुलाची डॉपलर काल झाली. नेरुळच्या दादांनी सांगितलं तसंच निघालं, शीर एका जागी बारीक झालीय. बुधवारी फुग्याने उघडणार.

एक शंका. एवढे महिने थांबायचं तर मृत दात्याच्या यादीत नाव घालून ठेवता येतं का? की घरचा डोनर आहे म्हणून घेत नाहीत? आणि तिथून सी असलेल्या दात्याची किडनी आली तर?

---

प्रयोगशाळेतले_काका, वाशी
१६ जून, सकाळी ८:२०

अण्णांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा निरोप मी दोनदा वाचला.

यादीचं: ठाणे आणि नवी मुंबईचे पेशंट मुंबईच्या झेडटीसीसीच्या (अवयवदानाचा समन्वय करणारं विभागीय केंद्र) यादीत येतात. नाव आपण थेट जाऊन घालत नाही, ट्रान्सप्लांटचं हॉस्पिटल घालतं. घरचा डोनर सध्या तयार नाही असं सांगून विचारा. पण त्यावर भिस्त ठेवू नका. २०२३ मध्ये सबंध देशात मृत्यूनंतर अवयव देणारे हजाराच्या थोडे वर होते, आणि किडनीची वाट बघणारे एकट्या मुंबई भागात काही हजार.

मृत दात्याच्या सगळ्या व्हायरसना एकच नियम लावत नाहीत. सी ला औषध आहे, म्हणून त्यावर विचार होतो. बी असेल तर घेणाऱ्याला लस लागू पडलीय का आणि त्याला औषध चालू ठेवता येईल का, हे बघतात. एचआयव्हीचं पाऊल आफ्रिकेत पडलं. केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात २००८ पासून एचआयव्ही असलेल्या दात्यांच्या किडन्या एचआयव्ही असलेल्याच पेशंटना बसवल्या, कारण तिथे त्या पेशंटना दुसरं कोणी विचारत नव्हतं. अमेरिकेत त्यासाठी २०१३ मध्ये कायदा बदलावा लागला. कोविडमध्ये पॉझिटिव्ह दात्याची फुप्फुसं टाळली, कारण व्हायरस तिथेच राहतो, पण किडनी आणि यकृत काही ठिकाणी घेतलं आणि ते चाललं.

आणि काही व्हायरसना अजिबात माफी नाही. २००४ मध्ये अमेरिकेत एका दात्याचा मृत्यू मेंदूतल्या रक्तस्रावाने झाला असं समजून अवयव दिले. त्याला वटवाघळाकडून रेबीज झालेला होता. यकृत, दोन्ही किडन्या आणि रक्तवाहिनीचा तुकडा मिळालेले चौघेही गेले. म्हणून ताप येऊन मेंदूज्वराने गेलेल्या आणि कारण न सापडलेल्या माणसाचे अवयव घ्यायचे नाहीत, अशी शिस्त आहे. तेव्हा कधी रात्री फोन आला तर घाईत 'हो' म्हणू नका. तीन गोष्टी विचारा: दाता कशाने गेला, कोणता व्हायरस, आणि चाचणी अँटिबॉडीची की आरएनएची. गोळ्या हातात आल्याशिवाय सी ची किडनी घेऊ नका. ऐरोलीकरांनी सांगितलेले ते तीन आठवडे लक्षात ठेवा.

---

बालवाडीच्या_बाई, ठाणे पूर्व
४ जुलै, रात्री १०:३०

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगणं माझं कर्तव्य आहे, म्हणून आले.

अण्णांचा फायब्रोस्कॅन ६.१ आला. डॉक्टर म्हणाले, यकृत जवळजवळ निरोगी माणसासारखं आहे, सिरोसिस नाही. लघवीत प्रोटीन नाही. सरकारी उपचार केंद्रात नाव नोंदवलं, दोन फेऱ्या झाल्या, एकदा कागद अपुरे म्हणून परत यावं लागलं. १ जुलैला गोळ्या सुरू झाल्या, एकही पैसा लागला नाही. डबीवर जाऊबाईंनी पेनने तारखा घातल्यात. अण्णा पहाटे चारला मार्केटला निघतात, म्हणून गोळी रात्री जेवल्यावर आठ वाजता. ॲसिडिटीची गोळी ते रोज खायचे हे आम्हाला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी सगळी पाकिटं समोर मांडायला सांगितली तेव्हा डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टीही त्यात निघाली. ती तिथेच काढून घेतली.

२२ सप्टेंबरला गोळ्या संपतील. त्यानंतर बारा आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, आरएनए करायचा. तो निगेटिव्ह आला की क्रॉसमॅच पुन्हा करतील आणि तारीख देतील. यजमानांचा फिस्टुला फुग्यानंतर बरा चालतोय, फिस्टुल्यातलं प्रेशर उतरलंय, काल डायलिसिसचे चार तास पूर्ण झाले.

अण्णा परवा पंढरीच्या वारीतल्या कुणाचा तरी प्रसाद घेऊन आले होते. चहा मी कपात दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि घेतला.

आता दोनच शंका. चार आठवड्यांनीच आरएनए करून निर्णय घेता येतो असं एका नातेवाइकाने सांगितलं, ते खरं का? आणि यजमानांच्या हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस झालेत, चौथा राहिलाय. सी साठीही लस आहे का?

---

प्रयोगशाळेतले_काका, वाशी
५ जुलै, सकाळी ७:४५

सी ला लस नाही, अजून कोणालाच जमलेली नाही. बी ची मात्र पूर्ण करा. डायलिसिसवाल्यांना दुप्पट डोस असतो, ४० मायक्रोग्रॅम, सुरुवातीला, मग एक, दोन आणि सहा महिन्यांनी. चौथा चुकवू नका. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लस लागू पडल्याची रक्तातली खूण) मोजून घ्या, १० च्या वर हवं. ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबल्यावर लस नीट लागू पडत नाही, म्हणून हे सगळं आधीच.

चौथ्या आठवड्याचा आरएनए बाराव्याशी बहुतेक वेळा जुळतो, हे खरं. पण त्या भरवशावर ऑपरेशन करायचं की नाही हे तुमच्या नेफ्रोलॉजिस्टनाच ठरवू द्या. फिस्टुला चालत असेल तर मी बाराव्यापर्यंत थांबेन.

आणि डिसेंबरचा रिपोर्ट आला की त्याच्या चार झेरॉक्स काढून एक अण्णांच्या पाकिटात ठेवा. त्यांची अँटिबॉडी जन्मभर रिअ‍ॅक्टिव्हच येणार. उद्या कुठल्या काउंटरवर परत कोणी पॉझिटिव्ह म्हणून ओरडलं, तर तो कागद समोर ठेवायचा.

---

डायलिसिस_टेक, नेरुळ
५ जुलै, दुपारी २:२०

ताई, फुग्यानंतर तीन महिन्यांनी डॉपलर परत करा, तीच शीर पुन्हा बारीक होऊ शकते. रोज सकाळी यजमानांना फिस्टुल्यावर बोटं ठेवून थरथर बघायला सांगा. थरथर लागली नाही तर पुढच्या शिफ्टची वाट बघू नका, त्याच तासाला फोन करा.